दालनात मागितलेली माफी पुरेशी का वाटत नाही?

प्रश्न (सदर, नागपूर): गेल्या महिन्यात आमच्या वरिष्ठांनी बैठकीत, सर्वांच्या देखत, माझी फाईल टेबलावर भिरकावली आणि ‘तुम्हाला इथे घेतले कोणी?’ असे विचारले. माझी टिपणी बरोबर होती हे दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले आणि दालनात बोलावून त्यांनी माफीही मागितली. तरीही त्या सभागृहात शिरताना माझी मान आपोआप खाली जाते. दोष नसताना ही लाज कशाची?

धरमपेठकर: ही लाज नाही, असे मला वाटते. लाज वाटण्यासाठी आपण चुकलो हे स्वतःला पटावे लागते. पाणउताऱ्यात मात्र दुसराच माणूस आपली पायरी ठरवतो आणि उपस्थित गप्प राहिले की ती मान्य झाल्यासारखी होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला पाणउतारा गुन्हा मानतो, आणि चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. चारचौघांत घडलेल्या गोष्टीची भरपाई बंद दालनात कशी होणार?

इंदोऱ्याहून: साक्षीदारांवर इतका भर देणे मला पटत नाही. माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतले जाई. आसपास चिटपाखरू नसले तरी ते न सांगता ओंजळ पुढे करीत. अवहेलना एवढी आत उतरली की पाहणाऱ्याची गरजच उरत नाही. (तुमच्या प्रसंगाशी मी याची बरोबरी करीत नाही. तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारला गेला. आजोबांच्या कामाशी कोणाला कर्तव्यच नव्हते.) १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना बाबासाहेबांनी आणि लाखो अनुयायांनी कोणाकडूनही माफीची अपेक्षा केली नाही. ज्या मापाने त्यांना हीन ठरवले होते, ते मापच त्यांनी उघड्या मैदानावर नाकारले, आणि सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, ही प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारली. म्हणून मला वाटते, तुम्हीही माफीच्या मोजमापात अडकू नये.

प्रश्नकर्ता: आपले म्हणणे मी विसरणार नाही. मला अधिक लागले ते शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांचे खाली पाहणे. त्यांनी नंतर चहाच्या टपरीवर माझी बाजू घेतली, तेव्हा बरे वाटण्याऐवजी राग आला.

धरमपेठकर: मग पुढील बैठकीत, आवाज न चढवता, आपली टिपणी बरोबर होती अशी नोंद इतिवृत्तात घेण्याची मागणी करा, आणि त्या सहकाऱ्यांपैकी एकाने तिला अनुमोदन द्यावे, असे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.