उन्हाळ्यातले सुपरहिरो सिनेमे: कॉमिक वाचणाऱ्यांना ते खरंच आवडतात का?

केळफूल

नमस्कार मंडळी,

मी कॉमिक्स वाचलेली नाहीत, सिनेमे मात्र भरपूर बघितलेत. मुलाची वार्षिक परीक्षा संपली की एक सुपरहिरोचा सिनेमा थिएटरातच बघायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. २०१९ ला 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' बघितला तेव्हा तो पहिलीत होता. तीन तास जागचा हलला नाही, आणि आयर्न मॅन गेला तेव्हा माझ्या कुशीत तोंड खुपसून रडला.

आता आठवीत आहे. हल्ली शेवटच्या अर्ध्या तासात इमारती पडायला लागल्या की तो खिशातून मोबाईल काढतो. मीही घड्याळ बघते. अपवाद २०२५ च्या 'सुपरमॅन'चा. त्यात एवढा मोठा राक्षसी प्राणी शहर तुडवत असतो आणि सुपरमॅन मध्येच एका खारीला उचलून बाजूला नेतो. थिएटरातून बाहेर पडल्यापासून पोराचं एकच टुमणं: "आई, हे पुस्तकातलं आहे का?"

मला काय माहीत असणार! म्हणून इथे विचारते. कॉमिक्स मुळातून वाचणाऱ्यांना हे सिनेमे आवडतात का? पुस्तकात असं काय असतं जे पडद्यावर येत नाही? आणि त्याच्या हातात पहिलं काय देऊ? इंग्रजी तो बऱ्यापैकी वाचतो.

चाररंगी

केळफूल ताई, तुमच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. खारीला वाचवण्याचा तो स्वभाव पुस्तकातलाच आहे, आणि अगदी पहिल्या पुस्तकातला. जून १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी तेरा पानांत सुपरमॅन उभा केला. त्या तेरा पानांत तो करतो काय? विजेच्या खुर्चीत बसवायला निघालेल्या एका निर्दोष बाईची शिक्षा थांबवतो. बायकोला बडवणाऱ्या एका नवऱ्याला धरतो. आभाळ फाटत नाही, शहर कोसळत नाही. माणूस एकेकटा असतो आणि सुपरमॅन त्या एकेकट्यापर्यंत पोचतो.

मी बावीस वर्षं ऑफसेट छापखान्यात आहे. कॉमिक्सचं वेड त्याच्या आधीपासूनचं. राहायला डोंबिवलीला होतो, पगाराच्या दिवशी माटुंग्याला उतरायचो आणि किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर उकिडवं बसून गठ्ठे उपसायचो. सिनेमेही सोडत नाही. पहिल्या दिवशी पहिला शो, आणि अर्ध्या वेळा चिडून घरी येतो. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६. संवाद स्टॅन ली यांचे, कथानक आणि चित्रं स्टीव्ह डिटको यांची. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन. त्याला वाढवणाऱ्या मे काकू हॉस्पिटलात मरणाच्या दारात आहेत. पीटरने मागे कधीतरी त्यांना रक्त दिलेलं असतं आणि त्याच्या रक्तातला किरणोत्सर्गच आता त्यांना मारतोय. म्हणजे खापर त्याच्याच माथी. औषधाचा डबा सापडलाय, जमिनीवर समोरच पडलाय, फक्त हात पोचत नाही, कारण पीटरच्या पाठीवर लोखंडी यंत्राचं धूड कोसळलंय. वरून पाणी ठिबकतंय आणि वाढत चाललंय. बस, एवढंच. चार-पाच पानं एक पोरगा ओझ्याखाली पडून आहे.

डिटको घाई करत नाहीत. यंत्र चौकट व्यापून बसलेलं, पोरगा खाली चिरडलेला. तो जोर लावतो, हरतो, काकूंचा आणि गेलेल्या काकांचा चेहरा आठवतो, पुन्हा जोर लावतो. जसा तो उठत जातो तशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि मग एक अख्खं पान एकाच चित्राला दिलंय: धूड उचलून उभा राहिलेला पीटर. मी हे पहिल्यांदा वाचलं ते काळ्या-पांढऱ्या जाड पुनर्मुद्रणात, मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. लोकलच्या दाराशी उभा होतो. ठाणं कधी गेलं कळलं नाही.

२०१७ च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' सिनेमात हाच प्रसंग घेतलाय. डबक्यातल्या पाण्यात अर्धा मुखवटा आणि अर्धा चेहरा दिसतो, ती डिटकोंचीच खूण. पीटर झालेला टॉम हॉलंड मदतीसाठी ओरडतो तेव्हा तो खरोखर शाळकरी पोर वाटतो. तेवढा भाग मला मनापासून आवडतो. पण मिनिटा-दोन मिनिटांत सगळं आटोपतं, आणि मे काकूंचं औषध तिथे नाहीच. टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, सूट काढून घेतलाय, त्या सूटशिवायही आपण कुणीतरी आहोत हे स्वतःला पटवायला तो उठतो. पुस्तकातला पीटर स्वतःला विसरून उठतो. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. आणि मग लगेच विमानावरची मारामारी सुरू.

हे असं होतं ते उन्हाळ्याच्या धंद्यामुळे. जून १९७५ ला 'जॉज' अमेरिकेत एकाच वेळी चारशेहून जास्त थिएटरांत लावला, टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला, आणि सुट्टीतला मोठा सिनेमा कसा विकायचा ह्याचा साचा तयार झाला. २००२ च्या मेमध्ये 'स्पायडर-मॅन'ने पहिल्या तीन दिवसांत दहा कोटी डॉलरच्या वर कमावले, तोवर कुणालाच ते जमलं नव्हतं. तेव्हापासून तिकडे मे महिन्याचा पहिला शुक्रवार ह्याच सिनेमांचा: २००८ ला 'आयर्न मॅन', २०१२ ला 'अ‍ॅव्हेंजर्स'. ज्या सिनेमाचं भवितव्य तीन दिवसांत ठरतं त्याला ट्रेलरमध्ये दाखवण्याजोगं काहीतरी प्रचंड लागतं, म्हणून शेवट कायम आभाळातच जातो. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅनचं शहर मेट्रोपोलिस जमीनदोस्त होताना मी मनात खालची माणसं मोजत होतो. सुपरमॅनचा वाचक दुसरं काय करणार?

तरी त्याच धंद्यात राहून एकाने ते करून दाखवलंय. दिग्दर्शक सॅम रायमी, 'स्पायडर-मॅन २', जून २००४. पीटरचं भाडं थकलंय, पिझ्झा पोचवण्याची नोकरी जाते, लाँड्रीत सूटचा रंग उतरून पांढऱ्या कपड्यांना लागतो. घरमालकाचं नाव डिटकोविच ठेवलंय, तो डिटकोंना केलेला नमस्कार. सूट कचऱ्याच्या डब्यात टाकून पीटर पाठमोरा निघून जातो ते १९६७ च्या ५० व्या अंकातलं जॉन रोमिता यांचं चित्र, जवळपास जसंच्या तसं. आणि ट्रेनचा प्रसंग! ट्रेन थांबवून तो बेशुद्ध पडतो, मुखवटा नसतो, आणि डब्यातली माणसं त्याला हातांवर उचलून मागे नेतात. त्याचं तोंड बघून एक जण म्हणतो, अरे, हा तर पोरगाच आहे. लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तो प्रसंग कसा भिडतो हे वेगळं सांगायला नको. मी आजवर तो कोरड्या डोळ्यांनी बघितलेला नाही.

पहिलं काय द्यायचं ते रात्री लिहितो, मशीन थांबलंय, बोलावणं आलं.

भुसावळकर

चाररंगी दादा, लिहिलंय सुंदर, पण पूर्ण सहमत नाही. पुस्तक एकट्याने वाचायची गोष्ट आहे. 'एंडगेम'मध्ये कॅप्टन अमेरिकाने थॉरचा हातोडा, जो फक्त लायक माणसालाच उचलता येतो, तो उचलला तेव्हा आमच्या थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, एसीत तीनशे माणसांबरोबर आरडाओरडा करणं, हा आनंद कुठलं पुस्तक देणार? मला शेवटची मोठी मारामारी हवीच असते. त्यासाठीच पैसे देतो.

चाररंगी

भुसावळकर, त्या क्षणाला मीही ओरडलो होतो, घसा बसेपर्यंत. ते काही मी नाकारत नाही. पण तो क्षण एवढा का लागला ते बघा. २०१५ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पार्टीत सगळे एकेक करून हातोडा उचलायला बघतात. कॅप्टनच्या हाताने तो किंचित हलतो, आणि थॉरचा चेहरा पडतो. पाच-सात सेकंदांचा खेळ. मग चार वर्षं कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हीच तर कॉमिक्सची रीत. दरमहा वीस-बावीस पानं, एखादी गोष्ट सहज पेरून ठेवायची आणि वाचक विसरला की काढायची. पुस्तकात कॅप्टनने हातोडा १९८८ मध्येच उचललाय, 'थॉर'च्या ३९० व्या अंकात. तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात ते त्या चार वर्षांच्या धीरामुळे. मारामारी मलाही चालते हो, तिच्याआधी कुणीतरी एवढं थांबलेलं असलं की झालं.

वेताळटेकडी

छान धागा. आमच्या घरी बाबांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्स होती, १९६४ पासून निघालेली. त्यातला जंगलातला नायक फॅन्टम आम्हाला वेताळ म्हणूनच माहीत. त्यामुळे १९९६ चा इंग्रजी 'फॅन्टम' बघायला बाबा मला कौतुकाने घेऊन गेले. बाहेर आल्यावर ते गप्पच होते. जांभळा पोशाख होता, घोडा होता, लांडगा होता, पण जंगलात तो एकटा असल्याची ती भीती नव्हती म्हणाले.

एक भर घालते. २०२३ ला 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर मुंबॅटनमध्ये राहतो, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं शहर. स्पायडर-मॅन मराठीतून बोलताना ऐकून मला भरून आलं. चाररंगी, ह्या सिनेमांबद्दल तुमचं काय मत?

चाररंगी

वेताळटेकडी, बाबांचं म्हणणं अगदी पटलं. वेताळाची गंमत कवटीच्या गुहेत आहे, जिथे तो एकटा बसून वहीत लिहितो.

पवित्र प्रभाकर पुस्तकात २००४ ला आला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला. गॉथम कॉमिक्सचे ते अंक माझ्याकडे आहेत.

आणि त्या सिनेमांबद्दल काय बोलू! पहिला, २०१८ चा 'इन्टू द स्पायडर-व्हर्स', बघताना मी खुर्चीत ताठ बसलो होतो. सांगतो का. छपाईत चार रंगांच्या चार प्लेटा असतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. त्यातली एक केसभर सरकली तरी चित्राच्या कडेला लाल-निळी झालर दिसते. आमच्याकडे असा कागद थेट रद्दीत जातो आणि वर बोलणी बसतात. त्या सिनेमात फोकसबाहेरच्या गोष्टी धूसर करण्याऐवजी अशीच रंगांची झालर दिलीय. गालांवर, भिंतींवर छपाईचे ठिपके दिसतात. जुन्या स्वस्त कॉमिक्सची खोड त्या लोकांनी एवढ्या मायेने पडद्यावर आणली! माझ्या धंद्यातली चूक मला त्या दिवशी पहिल्यांदा सुंदर दिसली.

अजून एक. जंगलात माइल्स, म्हणजे ह्या सिनेमातला नवशिका स्पायडर-मॅन, आणि मोठा पीटर जाळ्यांवरून झेपावत पळतात तो प्रसंग पुन्हा बघा. पीटरचं चित्र सेकंदाला चोवीस वेळा बदलतं, माइल्सचं बाराच वेळा. म्हणून तो अडखळतो, मागे पडतो. पोरगा अजून शिकतोय हे एक शब्द न बोलता कळतं. ऑस्कर मिळालं त्याला, आणि तो मेमध्ये आलाही नव्हता. डिसेंबरमध्ये आला होता.

चाररंगी

केळफूल ताई, राहिलेलं उत्तर. आधी स्पायडर-मॅनचे ली-डिटको काळातले अंक द्या. सुरुवात ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फॅन्टसी' १५ पासून. अवघी अकरा पानं आहेत, किंमत बारा सेंट होती. त्यानंतर ३१, ३२, ३३ हे तीन अंक सलग. एकत्र बांधलेल्या आवृत्त्या मिळतात, मार्व्हलच्या अ‍ॅपवरही आहेत. भाषा जुनी आणि बडबडी वाटेल, दोन अंकांत सवय होते.

मग 'ऑल-स्टार सुपरमॅन', ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा अंक. खार आवडलेल्या मुलाला हे आवडणारच. फक्त दहावा अंक त्याच्याआधी तुम्ही वाचा. इमारतीच्या कडेवर उभी असलेली एक मुलगी आहे, जीव द्यायला निघालेली. सुपरमॅन तिच्यामागे येऊन उभा राहतो, मोजकी वाक्यं बोलतो आणि तिला जवळ घेतो. एकच पान आहे. वाचून झालं की त्याच्याशी बोला त्याबद्दल.

केळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॅबवर ३३ वा अंक उघडून दिला. म्हटलं वाच, आणि मी पोळ्या लाटायला गेले. अर्ध्या तासाने तो स्वयंपाकघराच्या दारात टॅब घेऊन उभा. ते अख्ख्या पानाचं चित्र दाखवायला आला असेल असं वाटलं, तर त्याने त्याच्या आधीचं पान काढलं होतं. म्हणाला, "आई, डबा बघ ना. प्रत्येक वेळी तो दिसला की मला वाटतं, आता हात पोचेल."

ऑल-स्टारचा दहावा अंक मी आज दुपारी वाचतेय.

चाररंगी

ताई, त्याला सांगा पुढची पानंही सोडू नकोस. धूड उचलल्यावर गोष्ट संपत नाही. पाणी आत घुसतं, पाय जायबंदी झालेला असतो, आणि बाहेर माणसं त्याला मारायला टपलेली असतात. डबा हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याला पुष्कळ चालायचंय.