मदत हवी आहे: निवडुंगाच्या फळाचा रंग सिरपमध्ये टिकवायचा कसा?

फड्या निवडुंगाच्या लालभडक बोंडांचं सिरप करायचंय, बाहेरून रंग न घालता, पण उकळलं की तो मस्त जांभळट लाल रंग विटून तपकिरी पिवळट होतो. वाचलं त्यावरून कळलं की यात बीटासारखीच बेटालेन नावाची रंगद्रव्यं असतात, लाल जांभळा बेटानिन आणि पिवळा इंडिकाझँथिन, जांभूळ किंवा द्राक्षातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याशी यांचा काही संबंध नाही. पीएच (आंबटपणाचं माप) ३ ते ७ मध्ये रंग बरा टिकतो, त्यामुळे लिंबू घातल्याने लगेच बदलत नाही, खरे शत्रू म्हणजे उष्णता, उजेड आणि हवा.

आता अडचण अशी की या फळाचा गर फारसा आंबट नसतो, म्हणजे आंबटपणा वाढवल्याशिवाय आणि गरम केल्याशिवाय बाटलीत ठेवायचं धाडस होत नाही, आणि गरम केलं की रंग जातो! कोणी कमी तापमानावर थोडाच वेळ तापवून पटकन गार करून बघितलंय का? व्हिटॅमिन सी घातल्याने रंग टिकायला मदत होते म्हणतात, मग ते तापवायच्या आधी घालायचं की नंतर? किती घालायचं?

दुसरं, घरातले म्हणतात हे प्यायलं की रक्त वाढतं. रंग लाल म्हणून असणार, कारण बेटानिनमध्ये लोह नसतंच. अँटिऑक्सिडंट म्हणून चांगलं हे मान्य, पण तापवल्यावर त्यातलं कितपत उरतं? फूड टेक्नॉलॉजीवालं कोणी असेल तर प्लीज सांगा. आणि हो, गर गाळल्यावरही बारीक कुसं राहतात, त्यावरही उपाय सुचवा.