कंपनीची पॉलिसी सुटल्यावर आमच्या मुलीच्या विम्याचे काय?

ऐरोलीची आई:

नमस्कार. आमची मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात तिचा जन्म झाला, पहिले अकरा आठवडे एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेले, आणि घरी येताना ती सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर येणारे अपंगत्व), फिट्स आणि कमकुवत फुप्फुसे असे तीन सोबती घेऊनच आली. पोटाला बसवलेल्या नळीतून तिला दिवसातून सहा वेळा भरवावे लागते. रात्री कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारे यंत्र) लावतो, आणि कफ साठला की तो ओढून काढायला सक्शन मशीन काढावे लागते. गेल्या वर्षभरात तिला तीनदा दाखल करावे लागले व त्यांपैकी दोनदा आयसीयूत ठेवावे लागले.

आजवर हा सगळा भार यजमानांच्या कंपनीच्या पाच लाखांच्या सामूहिक पॉलिसीवर होता. आता त्यांचा विभागच बंद होत असून पुढच्या महिन्याच्या अखेरीस त्यांची नोकरी संपेल. महापे येथे कंत्राटी काम मिळाले आहे आणि पैसेही बरे आहेत, परंतु तिथे विमा नाही. दोन विमा कंपन्यांना फोन केला, तेव्हा आजारांची नावे ऐकताच दोघींनीही "अशा केसला पॉलिसी देता येत नाही" असे सांगून फोन ठेवला. ओळखीचा एक एजंट म्हणतो की, फॉर्ममध्ये केवळ "वेळेआधी जन्म" एवढेच लिहावे, बाकी काही लिहू नये, कारण पाच वर्षे उलटली की कंपनीला काही विचारता येत नाही. यजमान थकले आहेत, त्यांना हे पटू लागले आहे. माझे मन मात्र धजत नाही. या वाटेने गेलेल्या कोणी मार्ग सांगावा, ही विनंती.

नौपाड्याचे निवृत्त (दावे विभाग):

ताई, मी आरोग्य विम्याचे दावे तपासण्यात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून प्रथम एजंटाबद्दल लिहितो. त्याने सांगितलेले अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. २०२४ पूर्वी ही मुदत ९६ महिने होती. मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण नाही, ही बाब एजंट सांगत नाहीत. त्याहून मोठी अडचण व्यवहाराची आहे. तुमची मुलगी पाच वर्षे थांबून मग दाखल होणार नाही, ती येत्या पावसाळ्यातच दाखल होण्याची शक्यता आहे. त्या दिवशी रुग्णालयाने टीपीएकडे (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवलेल्या कागदावर पहिल्या ओळीत "सेरेब्रल पाल्सी व फिट्सचा जुना रुग्ण" असेच लिहिलेले असेल, कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते लिहावेच लागते. मग जुनी डिस्चार्ज कार्डे मागवली जातात आणि दावा तर जातोच, शिवाय पॉलिसी रद्द होते, हप्ता बुडतो आणि त्याच फ्लोटरमधले (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीतले) तुम्ही दोघेही उघड्यावर येता. अशा फायली मी स्वतः बंद केल्या आहेत. एका वडिलांनी माझ्या टेबलासमोर बसून "एजंटाने सांगितले होते" हे वाक्य इतक्या वेळा म्हटले की मला ते अजून ऐकू येते. फॉर्मखाली सही त्यांची होती, एजंटाची नव्हती.

आता पुढचे. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते. यात महत्त्वाची गोष्ट अशी की, आधीपासूनच्या आजारांसाठी जो प्रतीक्षा कालावधी असतो (त्या काळात त्या आजारांचे दावे मिळत नाहीत; तो आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो), त्यातून सामूहिक पॉलिसीत सलग घालवलेला काळ वजा होतो. तुमची मुलगी जन्मापासून पॉलिसीत असेल तर तिचे चार वर्षांहून अधिक झालेच आहेत. ही वजावट जुन्या विमा रकमेपुरतीच, म्हणजे पाच लाखांपुरती मिळते. नवी पॉलिसी दहा लाखांची घेतलीत तर वरच्या पाच लाखांना प्रतीक्षा नव्याने सुरू होते. स्थलांतर देताना कंपनी मुलीचे कागद तपासणार, त्यामुळे हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु नोकरी सुटल्यानंतर अर्ज करणे आणि पॉलिसी चालू असताना अर्ज करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यजमानांना आजच एचआरला ईमेल पाठवायला सांगा आणि तीन गोष्टी लेखी मागवा: मुलीचे नाव पॉलिसीत कोणत्या तारखेला चढले याचा दाखला, प्रत्येक वर्षाची पॉलिसी प्रत, आणि आजवर मंजूर झालेल्या दाव्यांची यादी. विभाग बंद झाल्यावर ही माहिती देणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही.

फोनवरचा नकार हा नकारच नव्हे. प्रपोजल फॉर्म (पॉलिसीचा अर्ज) सर्व आजारांसह भरून द्या आणि उत्तर कारणांसह लेखी मागा. अपंगत्व असलेल्यांसाठी प्रत्येक सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपनीने पॉलिसी उपलब्ध ठेवली पाहिजे, असे आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरील सरकारी नियामकाने) फेब्रुवारी २०२३ मध्ये बजावले आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या दिशेने आदेश दिला होता. काउंटरवर बसलेल्यांना ही पॉलिसी माहीत नसते, म्हणून "अपंग व्यक्तींसाठीची पॉलिसी" असे स्पष्ट शब्दांत विचारावे. तिच्यात मर्यादा बऱ्याच असतात, तरी हातात काही नसण्यापेक्षा ती बरी. लेखी नकार आल्यास किंवा उत्तरच न आल्यास "बीमा भरोसा" या आयआरडीएआयच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पुढे कधी दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि आता ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावे लागते.

घोडबंदरची मीही एक आई:

वरील सल्ला मोलाचा आहे, पण तो रुग्णालयाच्या दारापाशी थांबतो आणि आपला खरा खर्च तर घरात असतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्यालाही सेरेब्रल पाल्सी आहे. गेल्या वर्षीच्या दाव्यात मंजुरीच्या पत्रावर "ऑक्सिजन सिलिंडर, रुग्णालयाबाहेरील वापरासाठी" या ओळीपुढे शून्य होते, आणि त्याखाली नेब्युलायझर किट, त्याखाली डायपर, सगळ्यांपुढे शून्यच. मी भांडायला गेले तेव्हा कळले की, विमा कंपन्यांकडे देय नसलेल्या वस्तूंची एक मोठी यादीच असते आणि या तिन्ही वस्तू तिच्यात आहेत. तेव्हापासून मी घरखर्चाच्या वहीत या गोष्टींचा वेगळा रकाना केला आहे. कोणतीही पॉलिसी तो रकाना भरून देणार नाही, हे गृहीत धरलेले बरे. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कॉन्सन्ट्रेटरसाठी घेतलेला इन्व्हर्टर कसाबसा दीड तास पुरतो आणि पुढे सिलिंडर उघडावा लागतो. तुमच्याकडे ऐरोलीत काय स्थिती आहे, कोण जाणे.

तुम्ही "निरामय"चा उल्लेख केला नाहीत, म्हणून लिहिते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांतील व्यक्तींना तिच्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही, त्यामुळे "अशा केसला देता येत नाही" हे वाक्य इथे ऐकावे लागत नाही. दाखल होण्याचा खर्च तर आहेच, पण ओपीडी आणि फिजिओथेरपी, स्पीच थेरपी यांसाठीही पैसे मिळतात. खासगी पॉलिसीत हे सहसा सापडत नाही. लाख रुपये सरसकट मिळत नाहीत, प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र मर्यादा आहे, आणि खर्च आधी आपण करून नंतर बिले पाठवावी लागतात. आयसीयूच्या एका मुक्कामापुढे ही रक्कम काहीच नाही, हे मलाही कळते. तरी आमच्या थेरपीचा चांगला हिस्सा त्यातून निघतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: केवळ फिट्स असल्याने निरामय मिळत नाही, प्रमाणपत्रावर सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख असला पाहिजे.

त्यासाठी अर्थातच आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) काढावे लागेल. "स्वावलंबन" पोर्टलवर अर्ज करून मग वैद्यकीय मंडळापुढे मुलाला न्यावे लागते. आम्ही गेलो तेव्हा रांगेत पावणेतीन तास उभे होतो. मुलाची भरवण्याची वेळ झाली, तेव्हा मी जिन्याच्या कठड्याला दुधाची सिरिंज टेकवून त्याला नळीतून दूध दिले. तुम्ही जाल तेव्हा सक्शन मशीन पूर्ण चार्ज करून न्या आणि सोबत तिसरे माणूस असू द्या. वाशीचे नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी केंद्र (अपंग मुलांसाठीचे) आणि खारघरचे एनआयईपीआयडी (बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्र) ही दोन्ही ठिकाणे तुम्हाला माझ्यापेक्षा जवळ आहेत. थेरपीसाठी तिथेही चौकशी करा.

खारघरचा बाबा:

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. खासगी विम्यासाठी एवढी धडपड करताना आपण सरकारी योजनेकडे "ती गरिबांसाठी असते" म्हणून पाहतच नाही. मीही पाहत नव्हतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह सर्वांसाठी खुली झाली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथे जुन्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी हा प्रकारच नाही. आमची शिधापत्रिका लग्नानंतर कपाटात पडून होती आणि मुलीचे नाव त्यावर चढवलेलेच नव्हते. योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने (योजनेच्या मदतनीसाने) कार्ड उलटसुलट पाहून हसत परत दिले, तो क्षण मी विसरणार नाही. म्हणून तुमचे कार्ड असेल तर मुलीचे नाव या आठवड्यातच चढवून घ्या, आणि नसेल तर अर्ज करा.

मात्र हुरळून जाऊ नका. ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते आणि यादीतल्या रुग्णालयातच चालते. तुमच्या मुलीचे नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतात ते यादीत नसेल, तर ऐन आणीबाणीत नव्या डॉक्टरांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागेल. म्हणून शांत दिवस पाहून यादीतल्या एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात तिला एकदा दाखवून ठेवा आणि तिथे फाइल उघडा. मुलीच्या त्रासामागे एखादा दुर्मिळ जनुकीय आजार असल्याची शंका डॉक्टरांनी कधी बोलून दाखवली असेल, तर परळच्या केईएमला जरूर जा. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी ते एक आहे आणि यादीतल्या आजारांसाठी त्यामार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

ठाणे पूर्व, कोपरी:

एक छोटा मुद्दा. ताई, तुम्ही स्वतः नोकरी करता का? २१ हजारांपर्यंत वेतन असलेली आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेली नोकरी असेल तर कुटुंबालाही उपचार मिळतात, आणि अपंगत्वामुळे अवलंबून असलेले अपत्य ते अपंगत्व असेपर्यंत कुटुंबात धरले जाते. माझ्या बहिणीने केवळ याच कारणासाठी एका छोट्या कारखान्याच्या कार्यालयात नोकरी धरली आहे. विशेष उपचारांसाठी काही महिन्यांची वर्गणी आधी भरलेली असावी लागते, तेवढे पाहून घ्या.

ऐरोलीची आई:

सर्वांचे मनापासून आभार. नोकरीबद्दल विचारलेत म्हणून सांगते: मी हिशेबनीस होते आणि मुलगी घरी आली त्या आठवड्यात राजीनामा दिला. तिची नळी हाताळायला दुसरे कोणी तयार होईपर्यंत तो मार्ग माझ्यासाठी बंद आहे.

एचआरला ईमेल गेला आहे. उत्तरात त्यांनी मुलीचे नाव चढल्याची तारीख कळवली आणि ती पाहून आम्ही चमकलो. ती जन्मतारीख नसून त्यानंतर पाच महिन्यांनी आहे, कारण एनआयसीयूच्या धावपळीत फॉर्म द्यायचा राहून गेला होता. तरी सलग जवळपास चार वर्षे होतात, म्हणजे ३६ महिन्यांची अट त्यात बसते, असा आमचा समज आहे. चुकत असेल तर कृपया सांगा. शिधापत्रिका सासूबाईंच्या नावावर साताऱ्याला आहे, तिचे काय करायचे ते या रविवारी ठरवू. एजंटाला नको म्हणून कळवले. स्थलांतराचा फॉर्म काल रात्री मुलगी झोपल्यावर दोघांनी बसून भरला. "आधीचे आजार" या रकान्यात दोनच ओळींची जागा आहे, म्हणून सगळे वेगळ्या कागदावर लिहून जोडले आहे.

नौपाड्याचे निवृत्त (दावे विभाग):

तुमचा समज बरोबर आहे. त्या जोडलेल्या कागदावर अर्जाचा क्रमांक लिहा, खाली दोघांच्या तारखेसह सह्या करा, आणि फॉर्मच्या मूळ रकान्यात "सोबत जोडलेले पान पाहावे" असे शाईने लिहा. मग दोन्ही पानांचा एकत्र फोटो काढून ठेवा. सुटे पान फाइलमधून गळते आणि नंतर ते कधी दिलेच नव्हते असे सांगितले जाते.