होम-केअर टीममध्ये सोशल वर्करनं पहिल्या भेटीत नक्की काय करायचं?

नवी_एमएसडब्ल्यू
कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या टीममध्ये रुजू होतेय. एक डॉक्टर, दोन नर्स आणि मी. दुखणं, जखमा, औषधं ते बघतात. माझ्या हातात एक फॉर्म आहे: नाव, वय, उत्पन्न, घरात माणसं किती. एवढं भरून परत यायचं का? आणि दारातच नातेवाईक "त्यांना काही सांगू नका हं" म्हणाले तर?

कृष्णाकाठ
फॉर्म दुसऱ्या भेटीत भरला तरी चालतो. आधी बघा, रुग्ण शुद्धीवर आहे का आणि सही करू शकतो का. कारण त्याच्या सहीवर अडलेली कामं पुढे कुणालाच करता येत नाहीत, आणि ग्लानी यायला लागली की दोन-चार दिवसांत सगळं हातातून जातं.

बँकेपासून सुरुवात करा. खातं एकट्याच्या नावावर असेल तर उपचाराचे पैसे तिथंच अडकतात. घरच्यांना वाटतं, नॉमिनी आहे ना! पण नॉमिनीला खातेदार हयात असताना एक रुपया काढता येत नाही, आणि नंतरही तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. म्हणून जोडीदाराचं नाव 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीनं जोडून घ्या. रुग्ण बँकेत जाऊ शकत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठ्यावर पैसे काढता येतात. शाखेत आधीच बोलून ठेवा.

मग पेन्शन: पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर सारखी आहे का? एका अक्षराच्या फरकानं कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन् महिने अडतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, साक्षीदार दोन, शक्यतो वाटेकरी नसलेले.

व्हेंटिलेटर नको असेल तर तेही लेखी हवं. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. पूर्वी न्यायदंडाधिकारी लागायचे.

एक मात्र कटाक्षानं पाळा. शुद्ध हरपलेल्या माणसाचा अंगठा घेऊ नका आणि आपल्यासमोर कुणाला घेऊही देऊ नका.

ऐकणारी_ताई
"सांगू नका" याबद्दल. तिथं वाद घालू नका, होकारही देऊ नका. नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारा, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते खचतील." मग विचारा, हे लपवताना तुमचं काय होतंय? इथं बऱ्याच जणांचा बांध फुटतो. फुटू द्या, घाईनं समजूत घालू नका.

मग एवढंच ठरवा: आपणहून काही सांगणार नाही, पण रुग्णानं सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. रुग्णाजवळ बसून विचारा, "आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? अजून काही जाणून घ्यायचंय, की ते मुलाशी बोललेलं बरं वाटेल?" बऱ्याच रुग्णांना आधीच कळलेलं असतं, तेही घरच्यांसाठी गप्प असतात. निदान आणि किती दिवस उरलेत हे बोलणं डॉक्टरांचं. आपण ते बोलणं कधी आणि कुणासमोर व्हावं ते जुळवून आणायचं.

मॉर्फिनकडेही लक्ष असू द्या. दर चार तासांनी एक गोळी म्हणजे दिवसाला सहा. आठवड्यानं हिशेबापेक्षा जास्त उरल्या असतील तर घरात कुणीतरी "सवय लागेल" म्हणून डोस चुकवतंय. नर्सला नाही, पण चहा घेताना तुम्हाला ते सांगतील.

वॉर्ड_ते_वाडी
दोघांनी लिहिलंय त्यात पैशाची आणि शेवटच्या रात्रीची बाजू जोडतो.

६५ वर्षांखालचा रुग्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर बसतो. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला लागतो, १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात कागद हलवा.

घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४-अ वर उपचार करणारे डॉक्टर देतात. रात्री दोन वाजता कोण येणार, हे आधी ठरलेलं हवं. नसेल तर घाबरलेलं कुटुंब देह दवाखान्यात नेतं, 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद होते, पोलीस येतात, शवविच्छेदनाची वेळ येऊ शकते. हे सहज टळण्याजोगं आहे. मोठ्या अक्षरात एक कागद लिहून आधारची प्रत आणि निदानाच्या कागदांसोबत एकाच पिशवीत ठेवा: डॉक्टरांचा नंबर, शववाहिनीचा नंबर, शेवटी घशात घरघर होते, श्वास थांबून थांबून येतो, हे अपेक्षित आहे, धावपळ नको. नोंदणी २१ दिवसांत.

नेत्रदानाचंही आधी विचारा. रक्ताचा किंवा डोळ्याचा कॅन्सर नसेल तर बुबुळं बहुधा चालतात, पण सहा तासांच्या आत.

नवी_एमएसडब्ल्यू
घरात लहान मुलं असतील तर?

ऐकणारी_ताई
"आजोबा झोपलेत", "देवाघरी गावाला गेलेत" असं सांगू देऊ नका. मूल मग स्वतः झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत राहतं. 'मेले' हाच शब्द वापरा, शरीर चालायचं थांबलं, आता दुखत नाही, असं सांगा. "माझ्यामुळे झालं का?" हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, त्याचं उत्तर न विचारता द्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात तेव्हा एक भेट ठेवा, मग सहा महिन्यांनी. तेव्हाही जेवण-झोप सुधारली नसेल, रोजचं काही जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि पहिल्या वेळी सोबत जा.