आमदारांना भेटायला जायचंय, पण मागायचं नेमकं काय?

बालरोग_तालुका:
मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लहान मुलांचं छोटं हॉस्पिटल आहे. मागच्या महिन्यात इथल्याच एका सहकाऱ्याच्या दवाखान्यात रात्री जमाव घुसला. काउंटरची काच फोडली, सिस्टरला ढकललं. ठाण्यात किरकोळ मारहाणीची कलमं लागली. डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा लावा म्हटलं तर उत्तर मिळालं, "तो सरकारी डॉक्टरांसाठी असतो." आता आमच्या आयएमए (डॉक्टरांची संघटना) शाखेनं आमदारांना निवेदन द्यायचं ठरवलंय. केंद्रीय कायदा, हॉस्पिटलला पोलीस बंदोबस्त, शस्त्रपरवाने, फास्ट ट्रॅक कोर्ट... नऊ मागण्या झाल्यात. कुणी असं भेटलंय का? काय पदरात पडतं?

वऱ्हाडी_सर्जन:
नऊपैकी सात खोडा.

केंद्रीय कायदा आमदारांच्या हातात नाही, तो विषय खासदारांकडे न्या. तिथंही २०१९ चा मसुदा बासनात गेला. आरोग्य आणि कायदा-सुव्यवस्था हे राज्याचे विषय, हे कारण पुढं आलं. शस्त्रपरवान्याचं तर नावच काढू नका, बाकी सगळं बाजूला राहील आणि बातमी त्याचीच होईल.

राज्याचा २०१० चा कायदा खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. ठाण्यातला घोळ बहुधा असा झाला असेल: सरकारी डॉक्टरवर हात उचलला की 'सरकारी कामात अडथळा' लागतो, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) १३२. ते आपल्याला लागत नाही, हे खरं. पण हा कायदा वेगळा.

म्हणजे दोनच गोष्टी मागा. एक, आमदारांचं एसपींना पत्र आणि त्यांच्या उपस्थितीत बैठक, जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याला या कायद्याबद्दल सूचना जावी म्हणून. दुसरी, विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. तो तुम्हीच लिहून न्या, ठरलेल्या साच्यात: "सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय." जिल्ह्यात तीन वर्षांत या कायद्याखाली गुन्हे किती, दोषारोपपत्रं किती, शिक्षा किती. सभागृहात तो पुकारला जाईल न जाईल, पण उत्तरासाठी एसपी ऑफिसला आकडे गोळा करावे लागतात. ठाणं खडबडून जागं होतं ते तेव्हा. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबर उजाडायची वाट बघू नका. ऐन अधिवेशनात काही घडलं तर तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आहेच.

आणि बिलांच्या विषयाची तयारी ठेवा. चहा यायच्या आत तो निघतो. बिल कमी करा म्हणून त्यांच्या ऑफिसातून फोन तुम्हालाही येत असतील. जायच्या आधी शाखेतल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावलीय का, ते फिरून बघा. राज्याच्या नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. बिलापायी मृतदेह अडवता येत नाही, हेही त्यातच आहे. एखाद्यानं असं केलेलं असेल तर आमदारांना ते तुमच्या आधी माहीत असतं.

शेवटचं: वीस डॉक्टर पांढऱ्या गाड्यांतून जाऊ नका. तिघं-चौघं जा आणि त्या सिस्टरना बरोबर घ्या. आम्ही गेलो तेव्हा आमदार मोबाईल चाळत "हो हो, बघू" करत होते. आमच्या सिस्टरनं ड्रेसिंग ट्रॉली दाराला लावून दार कसं धरलं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुठे फोन उपडा ठेवला.

माजी_स्वीय_सहाय्यक:
ऑफिसच्या बाजूनं सांगतो. शनिवार-रविवारी साहेब मतदारसंघात असतात, पण सकाळी बदल्या, रेशनकार्ड, लग्नपत्रिका यांची झुंबड असते. पीएला आधी फोन करून दुपारनंतरची वेळ मागा. निवेदन एकच पान, मराठीत. वर गुन्हा क्रमांक, तारीख, ठाणं. एसपींच्या पत्राचा मजकूर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवलात तर त्याच दिवशी लेटरहेडवर सही होऊन मिळतो, नाहीतर "करतो" म्हणून राहून जातो. तुमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मात्र नक्की घ्या.

दंतवैद्य_कोकण:
आमच्याकडे शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला, पत्र अजून यायचंय.

वऱ्हाडी_सर्जन:
मग दुसरा आमदार गाठा. प्रश्न कुठलाही सदस्य विचारू शकतो, विरोधी बाकांवरचे तर आनंदानं विचारतात. विधान परिषदेचेही आहेत. शाल आधी देऊच नका.

बालरोग_तालुका:
सिस्टर यायला तयार आहेत, त्यांचे यजमान नको म्हणताहेत, बोलतोय त्यांच्याशी. एक शंका: नोंदलेल्या गुन्ह्यात आता हे कलम येऊ शकतं का?

वऱ्हाडी_सर्जन:
येतं. तपास चालू असताना कलम वाढवता येतं. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या, प्रत एसपींना. आमदारांकडे जाल तेव्हा त्या अर्जाची पोच हातात हवी.