जनसुनावणीत डॉक्टर का दिसत नाहीत?

खाडीकाठचा डॉक्टर
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात माझा दवाखाना आहे. माझं म्हणणं असं, की स्वच्छ हवा आणि हवामान बदल यांवर डॉक्टरांनी जाहीरपणे बोललं पाहिजे, आणि कोकणातल्या डॉक्टरांनी तर नक्कीच.

कोकणची हवा चांगली, असं आपण धरून चालतो. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर नाही. दुसरीकडे लोटे, महाड, रोहा इथे रासायनिक कारखाने आहेत, जयगडला कोळशावर चालणारं १२०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, चिरेखाणी आणि खडीचे क्रशर आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि त्याची धूळ रस्त्यालगतची घरं इतकी वर्षं खातायत. उन्हाळ्यात वणवे लागतात ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपलं राष्ट्रीय मानक २००९ पासून ४० आहे. म्हणजे आपल्याकडे हवा 'मर्यादेत' असली तरी ती फुप्फुसांना मानवतेच असं नाही.

२००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. किमान ३० दिवस आधी नोटीस लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. तिथे बागायतदार मोहोराबद्दल बोलतो, मच्छीमार मासळीबद्दल बोलतो, कंपनीचा सल्लागार जाडजूड अहवाल वाचतो. गावातल्या माणसांच्या छातीला रोज स्टेथोस्कोप लावणारा मात्र गैरहजर! तालुक्यातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन प्रत्येक सुनावणीत लेखी निवेदन द्यावं: इथे आज दम्याचे, सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट धापेच्या आजाराचे) रुग्ण किती, हवेचं मोजमाप कुठे होतं, प्रकल्प आल्यावर कुठे होणार. दिल्लीत लंग केअर फाउंडेशनच्या पुढाकाराने डॉक्टर स्वच्छ हवेसाठी एकत्र आलेत. आपण का नाही?

लोट्याचा ऑपरेटर
डॉक्टर, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. मी रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतो. आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. मी गावात राहिलो तो या नोकरीमुळे. आईचा दम्याचा पंप आणि औषधं याच पगारातून येतात.

गावात डॉक्टरचा शब्द शेवटचा मानतात. उद्या तुम्ही माईकवर सांगितलंत की या धुराने दमा होतो, तर कोण विचारणार आहे पुरावा काय म्हणून? हवेचं मोजमाप कुठे होतं, हे तुम्हालाच विचारावं लागतंय. मग मोजमाप नसताना बोलणार कशाच्या जोरावर? प्रकल्प परत गेला की तुमचा दवाखाना चालूच राहतो, आमची मुलं विरारच्या लोकलमध्ये लटकतात.

खाडीकाठचा डॉक्टर
दादा, कारखाना बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पाळीवर धूर आणि वास सर्वात आधी तुमच्याच नाकात जातो, म्हणून मोजमाप हवं ते सर्वात आधी तुमच्यासाठी. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये मांडला. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी आली, महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये. तंबाखूवरही लाखोंची रोजीरोटी होती. म्हणून डॉक्टरांनी गप्प बसायला हवं होतं का?

लोट्याचा ऑपरेटर
त्यांच्याकडे रुग्णांचा अभ्यास होता. तुमच्याकडे आहे का?

निवृत्त सर्जन, अलिबाग
या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. एका रुग्णाचा दमा कोणत्या धुराने वाढला हे दवाखान्यात बसून सांगता येत नाही. धूळ, बुरशी, परागकण, बिडी, चूल, सगळं एकाच छातीत असतं. डॉक्टर व्यासपीठावर गेला की लोक त्याला एका बाजूचा समजतात, आणि दुसऱ्या बाजूचा रुग्ण त्याच्यापाशी मोकळेपणाने बोलत नाही. हा तोटा मला फार मोठा वाटतो.

शिवाय आधी आपलं घर बघावं. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के आरोग्यसेवेतून येतात, असा २०१९ चा अंदाज आहे. आपण लिहून देतो त्या दाबायच्या पंपातला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरतो. कोरड्या पावडरच्या रोटाकॅपमध्ये तो वायू नसतो. ज्या रुग्णाला ती नीट ओढता येते त्याला ती द्या, रुग्णालयाच्या छपरावर सौर पॅनेल बसवा, जनरेटर कमी चालवा. मग जनसुनावणीला जा.

खाडीकाठचा डॉक्टर
सर, रोटाकॅपचं अगदी मान्य. पण एका रुग्णाबाबत सांगताच येत नाही, हे मान्य नाही. लंडनमध्ये एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. हे होऊ शकलं, कारण तिच्या घराच्या परिसरातल्या हवेच्या जुन्या नोंदी उपलब्ध होत्या. आपल्या खाडीकाठी असं लेकरू गेलं तर कोणत्या नोंदी काढणार? पुरावा नाही म्हणून बोलायचं नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून मोजमापाचं यंत्र बसत नाही. हे कुठेतरी तोडायला हवं. ते आपणच तोडू शकतो, कारण आपण मागितलं तर ते आरोग्यासाठी आहे हे कुणालाही नाकारता येणार नाही.

आशाताई, कुडाळ
डॉक्टरांनु, तुमचा म्हणणा माका पटता, पण सुरवात खयसून करतास? मी आशा सेविका, घराघरात फिरतंय. उज्ज्वलाची शेगडी इली, पण दुसरो सिलिंडर भरूक पैसे नाय. चाय गॅसवर, भात नि आंघोळीचा पाणी चुलीर. लाकडा परसात फुकट गावतत. वर पावसाआधी भाजावळ, कवळ-शेण जाळून भाताच्या तरव्याची जमीन भाजतत, तो धूर पण बाईच्याच नाकात. ती धाप लागता म्हणान दवाखान्यात येता, तेव्हा डॉक्टर इचारतत, घरात कोण बिडी ओढता काय? चुलीचा कोण इचारणा नाय. कंपनीवर बोला, बोलूकच होया, पण चूल इसरा नको.

खाडीकाठचा डॉक्टर
ताई, घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केसपेपरवर 'स्वयंपाक कशावर' ही एक ओळ आली तरी पुष्कळ कळेल.

वाशिष्ठीच्या काठी
हवेबरोबर हवामानाचंही बोला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, रुग्ण दगावले. पूर ओसरला की चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती. रुग्णालय कोणत्या उंचीवर बांधायचं, जनरेटर तळमजल्यावर ठेवायचा का, हे डॉक्टरांनीच ठणकावून सांगायला हवं.

निवृत्त सर्जन, अलिबाग
चिपळूणच्या पुरात नदीतला गाळ आणि पात्रालगतचे भराव यांचा वाटा मोठा. सगळं हवामान बदलावर ढकललं तर गाळ काढायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

वाशिष्ठीच्या काठी
गाळासाठी आम्हीही भांडलोय, सर. पण त्या आठवड्यात पाऊस किती कोसळला ते आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. गाळ काढा आणि रुग्णालयही वर न्या. एकाच्या नावाखाली दुसरं टाळू नका.

लोट्याचा ऑपरेटर
माझी अट सांगतो. यंत्र आधी बसवा, आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज मराठीत लावा, कारखान्याच्या आत पाळीवाल्यांची फुप्फुसंही दरवर्षी बाहेरच्या डॉक्टरकडून तपासा. एवढं निवेदनात असेल तर मी सुनावणीला येऊन त्याच्या बाजूने बोलेन. 'प्रकल्प नको' अशी एक ओळ जरी त्यात दिसली, तर विरोधात बोलेन.

खाडीकाठचा डॉक्टर
तुमची फुप्फुसांच्या तपासणीची मागणी पहिल्या क्रमांकावर घेतो. जिथे वस्ती आणि शाळा अगदी लागून असतील तिथे मी 'इथे नको' म्हणेन, हे मात्र आताच सांगून ठेवतो. आता दवाखान्यांत एकसारखी नोंदवही सुरू करू: गाव, वय, काम, स्वयंपाक कशावर, धाप कोणत्या महिन्यात वाढते. खेड्यांतली माहिती आशाताईंकडून येऊ शकेल.

आशाताई, कुडाळ
आणखी एक वही आमच्या डोक्यार नको, डॉक्टर. आदीच किती वह्यो आसत ता बघूक येवा. पैसे देणार आसात तर सांगा, नायतर दवाखान्यातल्या कंपाउंडरान भरूची.

खाडीकाठचा डॉक्टर
बरोबर आहे तुमचं. वही दवाखान्यातच भरली जाईल, माझ्याकडे सोमवारपासून.