‘हिवाळी पाहुणे’ : पक्ष्यांच्या संदर्भात हा शब्द कितपत योग्य?

शंका : पुण्यात घराच्या आसपास थंडीत दिसणाऱ्या करडा धोबी, थिरथिरा, भोरडी अशा पक्ष्यांना सरसकट ‘हिवाळी पाहुणे’ म्हटले जाते. ‘पाहुणा’ हा शब्द येथे अर्थाच्या दृष्टीने योग्य आहे का?

प्रतिसाद : व्युत्पत्ती पाहिली तर हरकत घेता येत नाही, कारण ‘पाहुणा’ हा शब्द प्राकृत ‘पाहुण’ आणि संस्कृत ‘प्राघुण’, ‘प्राघूर्ण’ यांच्याशी जोडला जातो आणि ‘घूर्ण्’ या धातूत फिरण्याचा, भ्रमण करण्याचा भाव आहे. अडचण आहे ती रूढ अर्थाची. आज पाहुणा म्हणजे दुसऱ्याच्या घरी थोडे दिवस उतरून परत जाणारा. करडा धोबी मात्र सप्टेंबरात, पाऊस पुरता सरलेलाही नसताना येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. भोरडीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मे-जूनच्या सुमारास मध्य आशियातील गवताळ प्रदेशात टोळ-नाकतोड्यांवर पिल्ले वाढवून झाली, की जुलै-ऑगस्टपासून तिचे थवे भारतात परतू लागतात आणि पळस, काटेसावर फुलून गेल्यावर एप्रिलच्या सुमारास जातात. वर्षाचा मोठा भाग ती येथेच काढते. ज्वारीच्या पट्ट्यात तिच्यापासून कणसे राखायला शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहत आला आहे. इतकी जुनी ओळख ‘पाहुणी’ या शब्दात मावत नाही, असे मला मनापासून वाटते.

‘हिवाळी’ हे विशेषण मी ठेवीन, कारण त्यांच्या मूळ प्रदेशातील हिवाळा हे येण्याचे कारण त्यातून कळते. नामाच्या जागी ‘स्थलांतरित’ हा शब्द बरा. ‘-इत’ प्रत्ययामुळे तो कर्मणी वाटतो, हा आक्षेप टिकणारा नाही. ‘पुष्पित’ म्हणजे ज्याला फुले आली आहेत ते झाड, तसेच हे. नोव्हेंबरच्या सुमारास लोणावळ्याजवळ थोडा काळ थांबून आफ्रिकेकडे निघून जाणाऱ्या अमूर ससाण्याला ‘वाटसरू’ म्हणावे.

पुरवणी : नोंदीत नुसते ‘धोबी’ लिहू नये, कारण कवड्या धोबी बारमाही येथलाच आहे. त्याची पाठ काळी आणि भुवई पांढरी असते. पांढऱ्या धोब्याची पाठ राखाडी आणि चेहरा पांढरा असतो. स्थलांतरित म्हणून नोंदवायचा तो हा दुसरा.